नागिनाताच्या वाटेनं: आइझु, क्योतो, इतामी

११ जुलै, टोकियो

उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात तलवारींच्या दालनातली सगळी गर्दी कातानांपुढे होती. नागिनाताचं पातं कडेच्या काचेत होतं आणि तिथे आम्ही दोघीच उभ्या होतो. दांडा नाही, नुसतं पोलाद. मुळाशी बरंचसं सरळ, टोकाकडे रुंद होत मागे वळलेलं, अंगावर कोरलेली पन्हळ, आणि खाली लाकडात खोल शिरणारा लांबलचक भाग. हे पातं लांब दांड्यावर बसवलं की जे हत्यार तयार होई ते बाराव्या शतकातल्या लढायांत पायी लढणाऱ्या सामुराईंच्या आणि मठांतल्या लढवय्या भिक्षूंच्या हातात असे. घोड्याचे पाय, स्वाराची मांडी, चिलखताखालची नडगी, सगळं त्याच्या टप्प्यात येई.

पुढे भाल्यांच्या फळ्या आल्या, मग बंदुका आल्या, आणि रणांगणावर नागिनाता मागे पडलं. कित्येक पाती आखूड करून, घासून त्यांच्या तलवारी केल्या गेल्या. १६०३ पासूनच्या एदो काळातल्या लांब शांततेत ते सामुराई घरांतल्या बायकांकडे आलं. लाखेचा दांडा, त्यावर सोनेरी कुलचिन्ह, असं नागिनाता मोठ्या घरच्या नवरीच्या रुखवतात जाऊ लागलं. ‘बायकांचं हत्यार’ ही त्याची ओळख तेव्हापासूनची.

ती ओळख मला पहिल्यापासून खटकते. हत्यार बायकांच्या हाती कुणी दिलं, का दिलं, आणि दिल्यावर त्यांना ते खरोखर चालवू दिलं का, हे मला त्या त्या जागी जाऊन बघायचं होतं.

सई माझी भाची. टोकियोत नोकरी करते आणि ऑफिस सुटल्यावर वॉर्डाच्या क्रीडागृहात नागिनाता शिकते. मी कोल्हापूरची, शाळेच्या वयात तालमीत लाठी शिकलेली. त्यामुळे तिनं सरावाचा व्हिडिओ पाठवला तेव्हा माझी नजर पात्यावर गेलीच नाही, मागच्या हातावर गेली. तो हात सारखा जागा बदलत होता. हे काय चाललंय विचारलं, तर म्हणाली, “मावशी, तू इकडे ये, मग दाखवते.” तिनं रजा काढली आणि वाट मी आखली.

१२ जुलै, आइझु-वाकामात्सु

कोरियामापर्यंत शिंकान्सेन ही वेगवान गाडी, तिथून डोंगरांतून जाणारी सावकाश गाडी. इनावाशिरोच्या बाजूला बांदाई पर्वत दिसायला हवा होता, पण पावसाळी ढगांनी तो पार गिळला होता. खाली मात्र जिकडे तिकडे हिरवीगार भातशेती.

आइझु हे सामुराईंचं जुनं संस्थान. इथल्या मुलांना पाठ करायला लावलेली एक नियमावली आजही जागोजागी लावलेली दिसते. सहा ते नऊ वर्षांची सामुराई मुलं रोज एकत्र जमून ती म्हणत: मोठ्यांचं ऐका, खोटं बोलू नका, भेकडपणा करू नका, दुबळ्यांना छळू नका. आणि त्याच ओळीत, घराबाहेर बायकांशी बोलू नका. शेवटचं वाक्य असं की जे करायचं नाही ते करायचं नाहीच. दहाव्या वर्षी मुलगा निश्शिनकान या संस्थानाच्या शाळेत जाई. १८०३ मध्ये उभी राहिलेली ही शाळा इतकी सुसज्ज होती की तिच्या आवारात पोहायला शिकण्यासाठी तलावही होता. मुलींना तिथे जागा नव्हती. त्या घरी शिकत: वाचन, कविता, शिवण आणि नागिनाता.

किल्ल्याच्या मनोऱ्यावर चढलो. हा मनोरा १९६५ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. मूळचा १८७४ मध्ये पाडला. कौलं लाल आहेत, १८६८ मध्ये होती तशी. त्या वर्षी तोकुगावा या शोगुन घराण्याची सत्ता संपून सम्राटाच्या नावानं नवं सैन्य निघालं. आइझुचे प्रमुख मात्सुदाइरा कातामोरी हे आधी क्योतोचे रक्षक होते, त्यामुळे नव्या सत्तेचा सगळा रोख आइझुवर आला. ८ ऑक्टोबर १८६८ ला शत्रू गावात शिरला. घंटा वाजली की सगळ्या घरांनी किल्ल्यात यायचं असं ठरलेलं होतं. किल्ल्यानं जवळपास महिनाभर तोफा सोसल्या. आत शिरलेल्या बायका भात शिजवत होत्या, गोळ्या ओतत होत्या, येऊन पडलेल्या तोफगोळ्यांवर ओल्या गोधड्या टाकून ते विझवत होत्या.

यामामोतो याए याच किल्ल्यात केस कापून, मेलेल्या भावाचे कपडे घालून स्पेन्सर बंदूक चालवत होती. ती हे करू शकली, कारण तिचे वडील संस्थानात तोफा-बंदुकांचे शिक्षक होते आणि तिला घरातच शिकायला मिळालं. बाकीच्या मुलींना बंदूक कुणी दिलीच नव्हती. ‘बंदुकांपुढे नागिनाता घेऊन गेल्या’ असं आइझुच्या बायकांबद्दल हळहळून सांगतात, तेव्हा ही गोष्ट कुणी बोलत नाही. त्यांनी नागिनाता निवडलं असं म्हणणं खरं नव्हे. त्यांच्या हाती तेवढंच दिलेलं होतं, आणि तेवढ्यात त्या तरबेज झाल्या होत्या.

संध्याकाळी टॅक्सीनं यानागी पुलाकडे गेलो. जवळच वधस्थळ होतं, तिकडे नेलेल्या माणसांचा घरच्यांशी शेवटचा निरोप इथे व्हायचा, म्हणून लोक याला ‘नामिदा-बाशी’, अश्रूंचा पूल म्हणत. रस्त्याकडेला नाकानो ताकेकोचा पुतळा आहे. कपाळाला पट्टी, हातात उगारलेलं नागिनाता. १८४७ चा तिचा जन्म, एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत वाढलेली, वाचनात आणि नागिनातात दोन्हीत पुढे.

गावात शत्रू शिरला त्या दिवशी ती, तिची आई कोको, धाकटी बहीण युको आणि आणखी काही जणी किल्ल्याच्या दारापर्यंत वेळेत पोहोचू शकल्या नाहीत. प्रमुखांची बहीण तेरुहिमे बांगेला निघून गेली आहे असं कानावर आलं, म्हणून तिच्या रक्षणाला त्या बांगेला गेल्या. बातमी खोटी निघाली. मग तिथल्या आइझुच्या सेनानीकडे त्यांनी लढाईत घ्या म्हणून मागणी केली. तो नाही म्हणाला. बायकांना लढायला लावलं असं झालं तर संस्थानाची नाचक्की होईल, हे कारण. घेणार नसाल तर इथेच जीव देतो, असं त्यांनी सांगितल्यावर परवानगी मिळाली. सैन्याच्या यादीत त्यांची तुकडी कधीच नव्हती. ‘जोशिताई’, म्हणजे बायकांची तुकडी, हे नाव लोकांनी मागाहून दिलं.

१० ऑक्टोबरला या पुलाजवळ त्या लढल्या. समोरच्यांना त्या बायका आहेत हे कळलं तेव्हा जिवंत पकडा असा हुकूम सुटला. गोळीबार मंदावला तेवढ्या अवधीत नागिनाता टप्प्यात आलं. ताकेकोनं कित्येकांना पाडलं, आणि मग तिला गोळी लागली.

सई पुलाच्या कठड्याशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “माझ्या हातात नागिनाता असेल, तर समोरचा दोन पावलं आत आला तरच मी काही करू शकते. त्याच्या आधीची सगळी जागा त्याची असते.” पुलाकडे येणारी वाट तिनं नुसत्या नजरेनं मोजली. मीही मोजली.

१३ जुलै, आइझु-बांगे

सकाळची तादामी मार्गाची गाडी. तासाच्या आत आइझु-बांगे येतं. गाव लहान, रस्ते मोकळे, आणि होकाइ-जी हे देऊळ स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

गोळी लागली तेव्हा ताकेकोनं बहिणीला सांगितलं होतं की माझं डोकं शत्रूच्या हाती लागू देऊ नकोस. युको तेव्हा सोळा वर्षांची. तिनं इतरांच्या मदतीनं ते काम केलं आणि डोकं इथे आणून पुरलं. कबर साधी आहे, फुलं ताजी होती. ताकेकोचं नागिनाता याच देवळानं जपून ठेवलं आहे.

तिनं मरणाआधी लिहिलेली कविता लढाईत जाताना नागिनाताला बांधली होती, असं सांगतात. भावार्थ असा: शूर योद्ध्यांच्या मनांशी माप लावलं तर मी गणतीतही येणार नाही, तरीसुद्धा... कविता तिथेच थांबते. पुढचं क्रियापद नाही. मी ही कविता आधी कितीदा तरी वाचली होती आणि मला तो विनय वाटला होता. इथे, तिला आधी नाही म्हणणाऱ्या गावात उभं राहून वाचली तेव्हा तो विनय वाटला नाही. गणतीत न घेण्याचं काम दुसऱ्यांनी केलं होतं. तिनं ते जसंच्या तसं लिहिलं आणि पुढे ‘तरीसुद्धा’ जोडलं.

कोको आणि युको त्या लढाईतून वाचल्या आणि नंतर किल्ल्यात पोहोचल्या.

देवळाच्या अंगणातून निघताना सईनं कबरीसमोर कमरेतून वाकून नमस्कार केला, सरावाच्या आधी करतात तसा. दुपारी गावात परत येऊन कोझुयु खाल्लं. सुकवलेल्या शिंपल्यांच्या पाण्यातलं, कंदमुळं आणि मशरूम घातलेलं पातळसं सूप. लाल लाखेच्या उथळ वाट्यांत येतं. सणासमारंभाचा पदार्थ आहे आणि त्यात कितीदाही मागून घ्यायची मुभा आहे. आम्ही घेतलं.

१४ जुलै, प्रवास

दिवसभर गाड्या. कोरियामा, टोकियो, मग क्योतो. फुजी ढगात. क्योतोला उतरलो तेव्हा रात्रीही अंगाला चिकटणारा उकाडा होता आणि स्टेशनात गिओन उत्सवाचं झांजांचं संगीत लावलेलं होतं.

१५ जुलै, क्योतो

हेइआन देवळाच्या शेजारी जुनं बुतोकुदेन आहे. १८९९ मध्ये बांधलेली लाकडी वास्तू, भव्य कौलारू छप्पर, आत एकच विशाल दालन. दाई निप्पोन बुतोकुकाई ही युद्धकलांची देशव्यापी संस्था १८९५ मध्ये स्थापन झाली आणि हे तिचं मुख्य दोजो, म्हणजे सरावाची जागा. आज ते शहराच्या युद्धकला केंद्राचा भाग आहे. दारातून बघितलं तर मुलांचा केंदोचा, म्हणजे बांबूच्या तलवारींच्या खेळाचा सराव चालू होता, आणि त्या लाकडी जमिनीवर पाय आपटला की आवाज छपरापर्यंत जात होता.

नागिनाताच्या इतिहासात या जागेचं वजन मोठं आहे. सामुराई वर्ग संपल्यावर, १८७० च्या दशकात, पोटासाठी तलवारबाज तंबू ठोकून तिकीट लावून सामने करू लागले. त्या फिरत्या सामन्यांत नागिनातावाल्या बायका तलवारवाल्या पुरुषांशी लढत, आणि गर्दी त्यांच्यासाठी व्हायची. सोनोबे हिदेओ त्याच आखाड्यांतून आली. जन्म १८७० चा, गुरू नागिनाताच्या जिकिशिनकागे परंपरेचे साताके पती-पत्नी. १८९९ मध्ये क्योतोत बुतोकुकाईच्या मेळाव्यात तिनं वातानाबे नोबोरू या त्या काळच्या बड्या तलवारबाजाला हरवलं. पुढे ती मुलींच्या शाळांमधून शिकवत राहिली आणि १९६३ मध्ये वारली. तंबूतल्या तिकिटाच्या खेळापासून राजघराण्याच्या ओळखीतल्या शाळांपर्यंत एका बाईनं एका आयुष्यात केलेला हा प्रवास आहे. तिचं नाव जपानबाहेर ताकेकोइतकं ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. मेलेल्या मुलीची गोष्ट जगभर जाते. आयुष्यभर जिंकत आणि शिकवत राहिलेल्या बाईची जात नाही.

दुसरी मोठी परंपरा तेंदो-र्यु. मितामुरा केंग्यो आणि त्यांची पत्नी चियो यांनी ती इथे क्योतोत शिकवली, आणि त्यांच्या हाताखालून शिक्षिकांच्या पिढ्या तयार झाल्या.

पण या इमारतीसमोर उभं राहून पुढचंही सांगायला हवं. १९३० च्या दशकात नागिनाता मुलींच्या शिक्षणात घातलं गेलं आणि युद्धाच्या वर्षांत शाळांच्या मैदानांवर ओळींनी उभ्या केलेल्या मुली हुकमावर ते चालवू लागल्या. पुन्हा तेच: बायकांच्या हाती हत्यार द्यायचं, पण कशासाठी ते दुसऱ्यांनी ठरवायचं. युद्ध हरल्यावर शाळांतल्या युद्धकलांवर बंदी आली, १९४६ मध्ये बुतोकुकाई बरखास्त झाली. नागिनाता पुन्हा उभं राहिलं ते १९५५ मध्ये अखिल जपान नागिनाता महासंघ स्थापन झाल्यावर, नियम बांधलेल्या खेळाच्या रूपात. आज शाळांत आणि क्रीडागृहांत शिकवतात ते हे नवं नागिनाता. जुन्या परंपरा त्याच्या बाजूनं चालू आहेत, आणि पुष्कळ जणी दोन्ही शिकतात.

संध्याकाळी गोजो पुलापाशी बेंकेई आणि उशिवाकामारूचा पुतळा बघितला. हजार तलवारी गोळा करायला निघालेला राक्षसासारखा भिक्षू बेंकेई नागिनाता घेऊन पुलावर उभा, आणि त्याच्यापुढे कठड्यावर हलक्या पायांनी नाचणारा मुलगा. जपानी मुलांना नागिनाता पहिल्यांदा भेटतं ते बेंकेईच्या हातात. तेव्हाचा गोजो पूल आज मात्सुबारा पूल आहे तिथे होता, त्यामुळे पुतळा खऱ्या जागेपासून जरा लांब आहे.

१६ जुलै, उजी आणि परत क्योतो

सकाळी उजीला गेलो. ब्योदो-इनचं १०५३ चं फिनिक्स दालन दहा येनच्या नाण्यावर आहे, त्यामुळे रांग मोठी. आम्ही आधी पुलावर गेलो.

११८० मध्ये इथे मिनामोतो आणि तायरा या घराण्यांतल्या गेनपेई युद्धातली पहिली मोठी लढाई झाली. वृद्ध मिनामोतो नो योरिमासा राजपुत्राला घेऊन नाराकडे चालला होता, सोबत मिइदेरा मठाचे भिक्षू. पाठलाग करणारं तायरांचं सैन्य नदीपलीकडे पोहोचलं तोवर यांनी पुलाच्या फळ्या उखडून टाकल्या होत्या. मागे राहिल्या नुसत्या तुळया. त्या तुळयांवर गोचिइनचा ताजिमा नावाचा भिक्षू नागिनाता घेऊन एकटा चालत गेला. पलीकडून बाण सुटले. उंचावरून आलेल्या बाणांखाली तो वाकला, खालून आलेल्यांवरून उडी मारली, आणि सरळ आलेले नागिनातानं छाटले. तेव्हापासून तो ‘बाण छाटणारा ताजिमा’. त्याच पुलावर त्सुत्सुइ नो जोम्यो मेइशूनं आधी बाण संपवले, मग नागिनातानं पाच जणांना आडवं केलं, सहाव्यावर नागिनाता मधोमध तुटलं तेव्हा ते टाकून तलवार काढली. हे सगळं ‘हेइके मोनोगातारी’त येतं. ते गाऊन सांगायचं काव्य आहे, त्यामुळे प्रत्येक बाण मोजून घेऊ नये. पण नागिनाताबद्दल त्यातून जे समजतं ते पक्कं आहे: हे हत्यार अवकाश ताब्यात ठेवण्यासाठी आहे. अरुंद पूल, एक माणूस, आणि त्याच्याभोवती दोन मीटरचं वर्तुळ, ज्यात कुणाला पाय ठेवता येत नाही.

योरिमासानं ब्योदो-इनमध्ये पोट फाडून जीव दिला. ती जागा पंख्याच्या आकाराच्या हिरवळीची आहे. दालनाच्या रांगेतले फार थोडे लोक तिकडे वळतात.

दुपारनंतर क्योतोला परतलो. गिओन उत्सवातल्या रथांच्या मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी शिजो रस्ता वाहनांना बंद होतो आणि माणसांनी भरतो. नागिनाता-होको उभा असतो शिजोवर, कारासुमाच्या चौकाजवळ. हा उत्सवातला पहिला रथ. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरवतात. हा दरवर्षी पुढेच. उत्सवाचं मूळ ८६९ सालचं. रोगराई पसरली होती, तेव्हा ६६ प्रांतांच्या नावानं ६६ शस्त्रदंड उभारून ती घालवण्याची प्रार्थना केली गेली. रथाच्या उंच खांबाच्या टोकावर नागिनाताचं पातं आहे ते त्यासाठी, रोग छाटायला. मूळ पातं सांजो मुनेचिका या थोर लोहारानं आपल्या मुलीचा आजार बरा व्हावा म्हणून घडवून अर्पण केलं अशी आख्यायिका आहे. पात्याची धार यासाका देवळाकडे आणि राजवाड्याकडे येणार नाही अशी दिशा राखतात.

रथाची सगळी बांधणी दोरांची, खिळा एकही नाही. कंदील लागले, बासऱ्या-झांजा सुरू झाल्या, आणि शेजारच्या जागेतून रथावर चढण्यासाठी रांग लागली. त्या रांगेत फक्त पुरुष. नागिनाता-होकोवर बायकांना चढू देत नाहीत. इतर काही रथांनी अलीकडे ही बंदी काढली आहे, याने नाही.

सईला हे माहीत होतं. मलाही. तरी त्या रांगेसमोर उभं राहिल्यावर मनात जे आलं ते दडवण्यात अर्थ नाही: मला राग आला. ज्या हत्याराला सगळा देश बायकांचं म्हणतो, ज्याचं पातं एका मुलीच्या आजारासाठी घडवलं असं सांगतात, त्याच्या रथावर बाईचं पाऊल नको. परंपरा जुनी आहे आणि जे ती पाळतात ते श्रद्धेनं पाळतात, हे मान्य. पण आजवर कुणी मला याचं असं कारण दिलेलं नाही, जे मी सईला सांगू शकेन. आम्ही बांबूच्या पानांची चिमाकी घेतली. ती खायची नसते, वर्षभर दारावर टांगायची. ती विकणाऱ्या बाईंनी तिच्यावरचं नाव दोन्ही हातांनी सरळ करून दिलं.

१७ जुलै, क्योतो

सातला जागा धरली. नऊला मिरवणूक निघाली. नागिनाता-होकोवर एक लहान मुलगा बसतो, देवाचा प्रतिनिधी म्हणून. इतर मोठ्या रथांवर आता बाहुल्या असतात, जिवंत मुलगा फक्त इथे. फुयाचोच्या चौकात रस्त्यावर आडवा बांधलेला पवित्र दोर तो तलवारीच्या एका घावात तोडतो आणि मग रथांना वाट मोकळी होते. दोर तुटला तेव्हा जो आवाज उठला त्यात मीही होते.

पुढे कावारामाचीच्या चौकात रथ वळवताना बघितला. चाकं वळत नाहीत. चाकांखाली फोडलेले बांबू अंथरतात, पाणी ओततात, आणि दहा टनांहून जड रथ सगळे मिळून आडवा ओढतात. तीन-चार हिसक्यांत तो काटकोनात फिरतो. वर खांब हेलकावतो आणि टोकावरचं पातं आकाशात तिरकं होतं. कौशल्य अस्सल आहे आणि आदल्या रात्रीचा राग असूनही मी टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट आम्हाला बघता आली नाही. २४ तारखेच्या दुसऱ्या मिरवणुकीत सुझुका-यामा हा रथ असतो. त्यावर सुझुका खिंडीतल्या राक्षसाला मारणारी देवी असते, डोक्यावर सोनेरी उंच टोपी, हातात मोठं नागिनाता. त्याच मिरवणुकीत बेंकेईचा रथ आणि उजीच्या जोम्योचा रथही असतात. २४ ला सई कामावर असणार होती. ज्यांना नागिनाताची ओढ आहे त्यांनी पहिल्याऐवजी त्या दुसऱ्या मिरवणुकीला यावं असं मी सांगेन. गर्दीही कमी असते.

१८ जुलै, इतामी

हांक्यु रेल्वेनं जुसो आणि त्सुकागुचीला गाड्या बदलून इतामी. ओसाकाच्या विमानतळाचं गाव, साके या तांदळाच्या दारूचं गाव, आणि नागिनाताचं गाव. साके गाळणाऱ्या कोनिशी घराण्यानं १७८६ मध्ये इथे शुबुकान हे दोजो सुरू केलं, आणि ते आजही चालू आहे. सामुराई वर्गाबाहेरच्या एका व्यापारी घराण्यानं सव्वादोनशेहून जास्त वर्षं एक दोजो पोसलं. महासंघाचं कार्यालयही याच गावात आहे.

सईच्या शिक्षिकेच्या ओळखीनं इथल्या एका गटाच्या सरावाला बसायची परवानगी मिळाली. पांढरा सदरा, गडद घेरदार हाकामा, अनवाणी. तेरा वर्षांच्या मुलीपासून सत्तरी ओलांडलेल्या सेन्सेईंपर्यंत, म्हणजे शिक्षिकेपर्यंत, सगळ्या एका ओळीत बसल्या आणि वाकल्या. दोन मुलगेही होते.

सरावाचं नागिनाता २१० ते २२५ सेंटिमीटर लांब असतं. दांडा पांढऱ्या ओकचा, पात्याच्या जागी वळणदार बांबूच्या दोन पट्ट्या एकत्र बांधलेल्या, टोकाला चामडी टोपी. मारायच्या जागा ठरलेल्या: डोकं, मनगटं, बरगड्या, नडगी आणि कंठ. फटका बसतानाच त्या जागेचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नुसता स्पर्श चालत नाही. पात्याचा योग्य भाग, सरळ शरीर, आवाज आणि फटक्यानंतरही न ढळलेलं लक्ष, हे सगळं जुळलं तरच पंच निशाण वर करतात.

आणि तो हात. कोल्हापूरपासून मनात असलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. लाठीत आपण फिरकीवर वेग जमवतो. इथे फिरकी नाहीच. शरीर कायम आडवं, एक खांदा समोरच्याकडे. दांडा डोक्यावरून नेताना दोन्ही हात जागा बदलतात, मागचा पुढे, पुढचा मागे, आणि शरीर दुसऱ्या अंगावर जातं. त्यामुळे तोच फटका उजव्या बाजूनं येईल की डाव्या, हे शेवटपर्यंत कळत नाही. केंदोत उजवा हात नेहमी पुढे असतो. नागिनातात दोन्ही अंगं सारखी घडवावी लागतात, आणि सई म्हणाली की सगळं अवघड त्यातच आहे. तिची डावी बाजू अजून उशिरा येते. सेन्सेईंनी तिच्या मागच्या हातावर दोन बोटं ठेवून तो कमरेपाशी खाली आणला, काही न बोलता. पुढचा फटका वेगळा बसला, मला बसल्या जागी ऐकू आलं.

जोड्यांचे आठ ठरलेले डाव झाले, मग चिलखतं चढवून झुंजी. शेवटी केंदो खेळणाऱ्या एका तरुणाला बोलावलं होतं. केंदोत नडगीवर मारत नाहीत, त्यामुळे त्याला नडग्यांची खास कवचं बांधावी लागली. समोर शाळकरी मुलगी, त्याच्या खांद्याला लागेल इतकी. पहिला गुण तिचा, त्याची तलवार वर असताना खाली नडगीवर. दुसऱ्या वेळी तो झेपावून आत घुसला, तिच्या दांड्याच्या आत, जिथे लांबी निरुपयोगी ठरते, आणि गुण घेतला. तिसऱ्या वेळी तो पुन्हा आत आला. तिनं दांडा हातातून मागे सरकवून आखूड केला, वळली, आणि मागच्या टोकाकडच्या दांड्यानं नडगी घेतली. तेही नियमात बसतं. दोन निशाणं वर गेली. मुखवट्याआडून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज सगळ्या सभागृहात गेला: “सुने!” म्हणजे नडगी.

नंतर चहा. मी सेन्सेईंना सईमार्फत विचारलं की तुम्ही कशा वळलात याकडे. त्या म्हणाल्या, आईचा सक्त विरोध होता. आईनं युद्धाच्या वर्षांत शाळेच्या मैदानावर नागिनाता चालवलं होतं आणि तिला ते आठवायलाही नको वाटे. “ती पहिल्यांदा माझी स्पर्धा बघायला आली तेव्हा मी हरले. परत जाताना म्हणाली, तुमच्यात कुणी हुकूम देत नाही, हे बरं आहे.” मग त्यांनी माझ्या हातात एक नागिनाता दिलं आणि उभं केलं. वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम, पण दांडा लांबवर धरला की टोक हलू न देणं कठीण. माझे खांदे सवयीनं समोर वळले. त्यांनी ते धरून आडवे केले. “आता डोकं,” त्या म्हणाल्या आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. मी मारलं. “आता दुसऱ्या अंगानं.”

दरवर्षी मार्चमध्ये इथे इतामीला देशभरातल्या हायस्कूलच्या संघांची निवड स्पर्धा होते. ती नडगी घेणारी मुलगी पुढच्या वर्षी त्या वयात येईल. सईनं तिचं नाव विचारून घेतलं, आणि आम्ही दोघींनी मार्चमधला आठवडा गाडीत बसल्या बसल्याच ठरवला.